दवाखाना सुटतो, दुखणं घरी येतं

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना नातेवाइकांच्या हातात जे डिस्चार्ज कार्ड पडतं, त्यावर औषधांच्या यादीखाली बहुतेक वेळा तीन ओळी असतात : 'बॅक केअर', 'आर. टी. फीड्स', 'फिजिओथेरपी'. डॉक्टरांच्या दृष्टीने त्यात सगळं आलं. घरी मात्र या तीन ओळी दिवसाचे चोवीस तास खातात. बॅक केअर म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं रोज निरखायची, लाली दिसली की त्या बाजूवर भार येऊ द्यायचा नाही. आर. टी. फीड्स म्हणजे नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्यायचं. त्याआधी डोक्याकडची बाजू उंच करायची, नंतरही अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची आणि नळी निसटली तर आपल्या हाताने परत सरकवायची नाही. फिजिओथेरपी म्हणजे लुळा हात धरून ओढायचा नाही, कारण खांद्याचा सांधा सैल झालेला असतो. खाटेवरून खुर्चीत बसवताना खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला ठेवायची आणि काखेत हात घालून उचलायचं नाही. यातलं काहीच कार्डावर लिहिलेलं नसतं. जिला हे करायचं असतं ती अनेकदा कार्डही वाचू शकत नाही.

अशा घरांना दुरून, म्हणजे फोनवरून, व्हिडिओवरून, संदेशांतून कितपत आधार देता येतो, हा प्रश्न जगभर अभ्यासला गेला आहे. अमेरिकेत तो स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांच्या निमित्ताने पुढे आला : माहिती आहे, फोन आहे, पण घरातली भाषा वेगळी आहे. सोलापूरकराला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या चार भाषा इथे एकाच वॉर्डात, कधी कधी एकाच खोलीत ऐकू येतात. म्हणून हा आढावा सोलापूर समोर ठेवून घेतला आहे.

काम कोणाच्या अंगावर पडतं

आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात ते बहुतांश वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने होतं. उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटलेली असते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. त्यामुळे तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं की थेट मोठा दवाखाना गाठा, हा प्रचार आता बऱ्यापैकी पोहोचला आहे. २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन पाळला जातो, तेव्हाही भर यावरच असतो. पहिल्या साडेचार तासांबद्दल जेवढं बोललं जातं, त्याच्या पासंगालाही पुढच्या सहा महिन्यांबद्दल बोललं जात नाही. सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीनेक महिन्यांत, आणि तेव्हा रुग्ण घरी असतो.

घरी म्हणजे कोणाच्या ताब्यात? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातल्या माणसांची बिनपगारी काळजी घेणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण सुमारे २८ टक्के होतं, पुरुषांचं १४ टक्के. ज्या स्त्रिया हे काम करत होत्या त्यांचा रोजचा वेळ सरासरी १३४ मिनिटं, पुरुषांचा ७६. त्यात लेकरांचं करणंही धरलं आहे. पण खाटेला खिळलेल्या माणसाचं करायची वेळ आली तरी वाटणी बदलत नाही : बायको, सून, लेक.

सोलापुरात यात आणखी एक गोष्ट मिसळते. इथल्या हजारो बायका घरबसल्या कमावतात. पूर्व भागात, विडी घरकुलात, कुंभारीच्या कॉम्रेड गोदुताई परुळेकर वसाहतीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई हे रोजचं दृश्य आहे. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. पान-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला ठरलेल्या वेळी कारखान्यात जावं लागतं. यंत्रमागावर काम करणाऱ्या नवऱ्याला झटका आला की त्याची मजुरी त्याच दिवशी थांबते. हिच्या विड्यांवर घर येतं आणि नेमका तिचाच वेळ दर दोन तासांनी कूस बदलण्यात, नळीतून पेज सोडण्यात, चादर बदलण्यात जातो. दिवसाचे हजार वळून होत नाहीत. 'फिजिओकडे रोज आणा' असं जेव्हा तिला सांगितलं जातं, तेव्हा रिक्षाभाडं, उचलायला दुसरा माणूस आणि बुडालेली मजुरी या तिन्हींचा हिशेब तिने क्षणात केलेला असतो. ती मान डोलावते आणि येत नाही. दवाखान्याच्या वहीत त्याची नोंद 'पेशंट आला नाही' एवढीच होते.

गावाकडे अंतराचा प्रश्न येतो. करमाळा आणि अकलूज सोलापूर शहरापासून शंभर किलोमीटरच्या पुढे आहेत. शिवाय सोलापूरच्या दवाखान्यांत धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. गावात फिजिओ नाही, वाचा-उपचार करणारे तर तालुक्यालाही विरळा. मुलगा पुण्यात किंवा हैदराबादला नोकरीला. तो पैसे पाठवतो, रात्री व्हिडिओ कॉलवर 'आज कसं आहे?' विचारतो आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून गप्प होतो.

झटक्यानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं, हे आता मान्य झालेलं आहे. काळजी घेणाऱ्यांची स्थिती त्याहून बरी नाही. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार दहातल्या सुमारे चौघांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळतात. तेव्हा आधार हवा आहे तो दोघांना.

अभ्यास काय सांगतात

२००४ मध्ये लंडनमध्ये ३०० रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दवाखान्यात असतानाच घरच्यांना उचलणं, भरवणं, कूस बदलणं, शी-शूचं बघणं हे हाताने करून दाखवलं, त्यांच्याकडून करवून घेतलं. एका वर्षाने त्यांच्यावरचा ताण कमी होता, नैराश्य कमी होतं, आणि खर्चही कमी झाला होता. सगळ्यांना हायसं वाटलं. मग हाच कार्यक्रम ब्रिटनमधल्या ३६ केंद्रांत ९२८ जोड्यांवर करून पाहिला; २०१३ मध्ये निकाल आला तो 'फरक नाही' असा. त्यावर एक खुलासा सतत दिला गेला आणि तो पटण्यासारखा आहे : दवाखान्यातले दिवस शिकण्याचे नसतात. माणूस जगतो का नाही या घोरात असलेल्या बायकोला कूस कशी बदलायची हे सांगितलेलं ऐकू येतं, पण लक्षात राहत नाही. प्रश्न पडायला सुरुवात होते घरी आल्यावर, आणि तेव्हा विचारायला कोणी नसतं.

भारतातला मोठा प्रयोग 'अटेंड' नावाचा. देशातल्या १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण त्यात होते. कुटुंबातल्या एकाला व्यायाम आणि दैनंदिन हालचाली शिकवायच्या, नंतर घरी काही भेटी द्यायच्या, अशी आखणी होती. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी असणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत तेवढंच, ४७ टक्के. फिजिओचं काम घरच्यांवर सोपवून दवाखान्याला मोकळं होता येत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. सरकारी बैठकांत 'घरच्यांनाच ट्रेनिंग देऊ, स्वस्तात होईल' असा सूर लागतो तेव्हा हा ४७ चा आकडा कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवा.

दुसरा भारतीय प्रयोग थेट मोबाइलवरचा. 'स्प्रिंट इंडिया' या चाचणीत ३१ केंद्रांतल्या ४,२९८ रुग्णांपैकी निम्म्यांना एसएमएस, छोटे व्हिडिओ आणि एक कार्यपुस्तिका देण्यात आली, तीही १२ भाषांत. दुसरा झटका टाळणं हा हेतू होता. २०२३ मध्ये आलेला निकाल असा की दुसरा झटका, हृदयविकार आणि मृत्यू मिळून एका गटात ५.५ टक्के, दुसऱ्यात ४.९, म्हणजे फायदा दिसला नाही आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. दारू-तंबाखू सोडणं, औषधं नियमित घेणं यात मात्र थोडी सुधारणा दिसली. भाषांतराचं काम चोख करूनही एकतर्फी संदेशांची धाव एवढीच. फोनवर माहिती येऊन पडली म्हणजे आधार मिळाला असं होत नाही.

मग फोनचा उपयोग झाला कुठे? अमेरिकेत जोन ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ७४ काळजीवाहकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली भेट घरी जाऊन, निवांत. त्यानंतर बारा आठवडे ठरलेल्या दिवशी फोन. फोनवर उपदेश नाही. एक अडचण घ्यायची, ती नेमकी काय ते ठरवायचं, दोन-तीन मार्ग काढायचे, एक निवडून करून बघायचा, पुढच्या फोनला काय झालं ते सांगायचं. फोन येत होते त्या गटात नैराश्य कमी झालं, आपल्याला जमेल हा विश्वास वाढला. याच पद्धतीवर पुढे अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेने पक्षाघाताच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी 'रेस्क्यू' हा कार्यक्रम उभा केला आणि स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांसाठी तो स्पॅनिशमध्ये स्वतंत्रपणे बेतला.

व्यायामाचं बोलायचं तर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ११ केंद्रांत १२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत घरच्या स्क्रीनवरून घेतलेली हाताची फिजिओथेरपी दवाखान्यातल्या इतकीच परिणामकारक ठरली. मात्र तिथे घरी यंत्रणा बसवून दिली होती, ३६ सत्रं होती, आणि त्यातल्या निम्म्या सत्रांत पलीकडे थेरपिस्ट हजर होता. व्हिडिओ पाठवून देणं आणि व्हिडिओवर भेटणं यांत हाच फरक आहे.

हे सगळं शेजारी ठेवलं की एक गोष्ट स्पष्ट होते. आधी समोरासमोर भेटून शिकवणं, मग घरी आल्यावर ठरलेल्या दिवशी तेच ओळखीचं माणूस फोनवर भेटणं, आणि बोलणं दुतर्फा असणं : या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तिथे काळजी घेणाऱ्याला आधार मिळाला. एकेकटी गोष्ट अपुरी पडली.

भाषा सोलापूरची हवी

'मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये साहित्य उपलब्ध करून द्या' ही मागणी सोपी वाटते. सोलापुरात ती तेवढ्याने भागत नाही. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली घरांत आजही तेलुगू बोलली जाते, पण अनेकांची शाळा मराठी. हैदराबादहून छापून आलेली तेलुगू पत्रिका त्यांच्या हातात दिली तर बोली कळेल, लिपी कळणार नाही. अक्कलकोट-दुधनीकडची कन्नड आणि बंगळुरूच्या व्हिडिओतली कन्नड यांतही अंतर आहे. घरातल्या आजीला तर कोणतीच लिपी येत नाही. म्हणून इथे कागदापेक्षा आवाज महत्त्वाचा : सोलापूरच्या तेलुगूत, अक्कलकोटच्या कन्नडमध्ये, दखनीत आणि साध्या मराठीत रेकॉर्ड केलेले दोन-दोन मिनिटांचे आवाज. बोलणारी माणसं बाहेरून आणायची गरज नाही. सोलापूरच्या दवाखान्यांतल्या कितीतरी सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय या भाषा घरीच बोलतात.

वाचा गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत भाषेचा प्रश्न अधिकच टोकदार होतो. डाव्या मेंदूला इजा झाली की शब्द सापडत नाहीत. घरी तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या माणसाच्या दोन्ही भाषा सारख्याच बिघडतात असं नाही. एखादी आधी परतते. उपचार कोणत्या भाषेतून करायचे हे घरच्यांशी बोलल्याशिवाय ठरत नाही. या क्षेत्रात म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईची अली यावर जंग संस्था यांच्याकडे अनुभव आहे. सोलापूरच्या रुग्णाला दोन्ही लांब पडतात. व्हिडिओवरची वाचा-उपचार सत्रं ही दुरून मिळणारी पहिली खरीखुरी सोय ठरू शकते, कारण या उपचारात उचलाउचली नाही, समोरासमोर बोलणं आहे.

मजकूरही इथलाच हवा. गिळायला त्रास असलेल्या रुग्णाला पाणी आणि चहा या पातळ गोष्टीच जास्त धोक्याच्या असतात, त्या फुफ्फुसात उतरतात, हे सांगितल्यावर घरचे विचारतात, "मग भाकरी चालेल का?" कडक भाकरी दुधात कुस्करून दिली तर घट्ट आणि पातळ एकत्र येतं, तेही घसरतं. सगळं एकजीव, घट्टसर करून, रुग्णाला ताठ बसवून, लहान चमच्याने. रक्तदाबासाठी मीठ कमी करा म्हणताना शेंगाचटणी, लोणचं, पापड यांची नावं घेऊन सांगितलं तर कळतं. 'लो सॉल्ट डाएट' कार्डावरच राहतं.

फोन कोणाचा

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. त्यानंतर चित्र सुधारलं असेल, तरी स्मार्टफोन घरात असणं आणि तो दुपारी दोन वाजता सुनेच्या हातात असणं यांत फरक उरतोच. दवाखान्याच्या नोंदीत नंबर असतो मुलाचा. तो कामावर, फोन त्याच्याबरोबर. कूस बदलण्याचा व्हिडिओ त्याच्या व्हॉट्सअॅपवर येतो, तो 'थँक्यू' लिहितो. म्हणून डिस्चार्जच्या वेळी विचारायचा पहिला प्रश्न हा : रात्री उठणारी कोण, आणि तिच्यापर्यंत कोणत्या नंबरवर, किती वाजता पोहोचता येईल? साधा फोन असेल तर साधा कॉल. विड्या वळताना कानाला लावून ऐकता येतो तो कॉल; स्क्रीनकडे बघायला तिचे हात आणि डोळे रिकामे नसतात.

फोनने काय करू नये, हेही ठरवायला हवं. पुन्हा तोंड वाकडं झालं, झोपेतून उठत नाही, ताप आणि घरघर आहे, तर व्हिडिओ कॉल नाही, १०८ लावायचा. आणि घरच्यांचा व्हॉट्सअॅप गट काढला तर त्यात 'कबुतराचं रक्त चोळा' हा संदेशही येणार आहे. त्याला उत्तर द्यायला जबाबदार माणूस नसेल तर गट न काढलेलाच बरा.

हाताशी काय आहे

अगदी शून्यापासून सुरुवात करायची नाही. २५ मार्च २०२० ला देशात टेलिमेडिसिनचे नियम आले आणि फोनवरचा सल्ला कायदेशीर झाला. ई-संजीवनी या सरकारी सेवेवर घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, अनेक भारतीय भाषांत मानसिक आधार मिळतो. तो रुग्णापुरता नाही, त्याचं करणाऱ्या माणसासाठीही आहे, हे वॉर्डात सांगायला हवं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

पैशाचं पारडं मात्र एका बाजूला झुकलेलं आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. तीच आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणून चालते. भरती झालेल्या रुग्णाच्या उपचारांचा भार ती उचलते. घरी गेल्यावर लागणारी हवेची गादी, डायपर, फिजिओच्या फेऱ्या हे सगळं घराच्या खिशातून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने काळजीवाहकाची व्याख्या केली आहे, त्यात बिनपगारी घरचं माणूसही येतं. कलम २४ मध्ये जास्त मदतीची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेतून खाटेला खिळलेल्यांचं करणाऱ्यांना महिना ६०० रुपये देऊ केले. रक्कम तुटपुंजी आहे, पण हे काम आहे एवढी कबुली त्यात आहे. आपल्याकडे तेवढीही नसते.

माणसांचं बळही आहे. आशाताई बाळंतिणीच्या घरी पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या भेटी देतात, बाळाचं वजन घेतात, नोंदी करतात. झटका येऊन घरी आलेल्या माणसासाठी अशा ठरलेल्या भेटींचा क्रम नाही. केरळमध्ये मलप्पुरम-कोझिकोडकडे परिचारिका आणि गावातले स्वयंसेवक मिळून खाटेवरच्या रुग्णांच्या घरी जातात, त्याला आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला. मराठीत गटांचा अनुभवही आहे : पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि पार्किन्सन्स मित्रमंडळ यांनी काळजी घेणाऱ्यांना 'शुभंकर' म्हणत त्यांना आपसांत बोलतं केलं. पक्षाघाताच्या घरांसाठी असा गट सोलापुरात चालवायला मोठा निधी लागत नाही. लागतो तो आठवड्यातला एक ठरलेला तास आणि तो पाळणारं माणूस.

मग करायचं काय

सिव्हिल असो, सहकारी रुग्णालय असो की खासगी, सुरुवात तीन गोष्टींनी करता येईल. एक, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी अर्धा तास : जिला करायचं आहे तिच्याकडून कूस बदलवून, बसवून, भरवून घ्यायचं, बघत उभ्या असलेल्या मुलाकडून नव्हे, आणि जमलं तर त्याच्याकडूनही. दोन, तिच्याच भाषेत बोलणाऱ्या एका सिस्टरचा फोन : तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, मग दर पंधरा दिवसांनी तीन महिने. पहिला प्रश्न रुग्णाबद्दल, दुसरा 'तुम्ही झोपलात का?' तीन, जिथे फोनवर भागत नाही असं दिसेल, तिथे आशाताई किंवा फिजिओची घरभेट. या तिसऱ्या पायरीसाठी सरकारी तरतूद लागेल. पहिल्या दोन वॉर्डाच्या पातळीवर उद्यापासून सुरू होऊ शकतात.

दुरून दिलेला आधार हा माणसांना पर्याय नाही, माणसांचा हात लांबवण्याची ती सोय आहे. स्वस्त पर्याय म्हणून तो राबवला तर 'अटेंड' आणि 'स्प्रिंट'सारखेच निकाल हाती येतील. सोलापूरच्या डॉक्टरमंडळींना विनंती एवढीच : पुढचं डिस्चार्ज कार्ड लिहाल तेव्हा औषधांच्या खाली एक ओळ वाढवा. तिचं नाव, तिची भाषा, तिचा नंबर आणि फोनची वेळ. आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी कार्डावरच्या 'बॅक केअर'वर मान डोलावून बाहेर पडू नये; "कसं करायचं ते एकदा करून दाखवा" म्हणून तिथेच थांबावं. तो तुमचा हक्क आहे.